तेविसावा माणूस कोण? फूटीच्या बेंचवरच्या शेवटच्या जागेबद्दल

फूटी म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल, आणि एएफएल ही त्याची सगळ्यात मोठी लीग. प्रश्न थोडक्यात असा आहे. मेलबर्नला येऊन तीन वर्षं झालेले एक गृहस्थ विचारतात: २०२५ च्या एएफएल ग्रँड फायनलला, म्हणजे अंतिम सामन्याला, ब्रिस्बेनने लॅकी नीलसारख्या माणसाला सब (एकदाच आत येणारा बदली खेळाडू) म्हणून बाहेर बसवलं. तो फिट होता तर पहिल्यापासून का नाही खेळवला? आणि नव्हता तर घेतलाच कशाला? पण खरी अडचण पुढेच आहे. त्यांच्या उपनगरातल्या क्लबने यंदा त्यांना मॅच कमिटीत, म्हणजे संघ निवडणाऱ्यांत, ओढलंय. बेंचवर चार जागा, तीन ठरल्यात, चौथीला तीन उमेदवार: ३४ वर्षांचा दुसरा रकमन (उडवलेल्या बॉलसाठी उडी मारणारा उंच माणूस), १९ वर्षांचा चपळ पोरगा, आणि हॅमस्ट्रिंगच्या (मांडीमागच्या स्नायूच्या) दुखापतीतून परत येणारा उपकर्णधार. "तिघांत जो सगळ्यात चांगला खेळाडू तो घ्यायचा, एवढंच ना?" असं त्यांनी शेवटी विचारलंय.

नाही, एवढंच नाही. आणि बहुतेक क्लब चुकतात ते इथेच.

आधी मी कोण ते सांगतो. मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या एका छोट्या क्लबात मी सोळा वर्षं आहे. सुरुवातीला पाण्याच्या बाटल्या वाहिल्या, मग रनर झालो, म्हणजे कोचचे निरोप घेऊन मैदानात पळणारा, मग टीम मॅनेजर, आणि गेली नऊ वर्षं मॅच कमिटीत. एएफएलच्या कोचिंग बॉक्समध्ये मी कधी बसलेलो नाही. त्या पातळीबद्दल लिहितो ते बाहेरून बघून. आमच्या पातळीबद्दल मात्र चुका स्वतः करून लिहितो.

आपण क्रिकेटवाले "बेंच" म्हटलं की बारावा खेळाडू डोळ्यांसमोर आणतो. तो इथे कामाचा नाही, कारण त्याला बॅटही मिळत नाही न् बॉलही. जवळचं उदाहरण हवं तर आयपीएलमधला २०२३ पासूनचा इम्पॅक्ट प्लेयर घ्या: एक आत, एक बाहेर, बाहेर गेलेला परत नाही. एएफएलचा सब तसाच होता. त्याउलट इंटरचेंज म्हणजे दिवसभर चालणारी ये-जा. मैदानात १८ जण, बाहेर चार (एएफएलमध्ये २०२६ पासून पाच), आणि हे बाहेरचे सतत आत-बाहेर करत राहतात. एएफएलमध्ये २०२१ पासून एका सामन्यात जास्तीत जास्त ७५ वेळा, म्हणजे क्वार्टरला साधारण एकोणीस.

सबचा नियम गेल्या पंधरा वर्षांत इतक्या वेळा बदललाय की जुन्या लोकांचाही गोंधळ होतो. २०११ ते २०१५ तीन इंटरचेंज आणि एक सब होता. सबच्या अंगात हिरवं जाकीट, बाहेर काढलेल्याच्या अंगात लाल. २०१६ ला ते गेलं, पुन्हा चार इंटरचेंज. २०२१ ला हंगाम सुरू व्हायच्या अगदी आदल्या दिवशी मेडिकल सब आणला, फक्त दुखापतीसाठी. त्या वर्षी मेलबर्नचा जेम्स जॉर्डन ग्रँड फायनलला मेडिकल सब होता. मैदानात पाऊल न टाकता त्याला विजेतेपदाचं पदक मिळालं. २०२३ पासून सब कुठल्याही कारणासाठी वापरायची मुभा मिळाली, आणि २०२६ पासून सब काढून बेंचच पाच जणांचा केला. म्हणजे तुम्ही नीलबद्दल विचारताय तो प्रसंग त्या नियमाचा शेवटचा मोठा सामना होता.

आता मूळ मुद्दा. शेवटची जागा क्रमवारीतल्या शेवटच्या खेळाडूची नसते, मग तो एएफएलमधला तेविसावा (१८, चार आणि सब) असो की तुमच्याकडचा बाविसावा. पहिले अठरा-वीस जण तुम्ही गुणवत्तेवर निवडता. शेवटचे एक-दोन निवडताना प्रश्न बदलतो: "शनिवारी दुपारी काय बिघडू शकतं, किती वाजता बिघडेल, आणि बिघडलं तर मला कोण हाताशी हवा?" शाळेत बेरीज करताना "हातचा एक" ठेवायचो, तसा हा माणूस हातचा आहे. हातचा कुठल्या स्तंभात मिळवायचा हे माहीत नसेल तर तो असून नसल्यासारखा.

हे एकदा पटलं की नीलचा निर्णय उलगडतो. ब्रिस्बेनच्या पहिल्याच फायनलमध्ये (साखळीनंतरच्या सामन्यांना इथे फायनल्स म्हणतात), जिलाँगविरुद्ध, त्याची पोटरी दुखावली. ग्रँड फायनल तीन आठवड्यांवर. दोन ब्राउनलो पदकं (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) मिळवलेला माणूस, पण पोटरीचा स्नायू पदकं बघत नाही. कोचसमोर तीन वाटा होत्या. पूर्ण वगळायचा. बावीस जणांत घ्यायचा. किंवा सब ठेवायचा.

बावीस जणांत घेतला आणि पंधराव्या मिनिटाला पोटरी गेली, तर सब त्याच्यावरच खर्च. पुढे आणखी कुणी पडला की उरलेला सामना एक माणूस कमी. सब ठेवला तर त्याला साधारण अर्धाच सामना खेळायचा, आणि पोटरी गेलीच तर ती सामन्याच्या उत्तरार्धात जाईल, म्हणजे नुकसान थोड्या मिनिटांचं. धोका तोच, पण त्याला कुंपण घातलं. पण फुकट काहीच नसतं. पाचव्या मिनिटाला दुसऱ्या कुणाचा खांदा निखळला असता तर? मग याच अर्ध्या पोटरीवर नीलला जवळजवळ पूर्ण सामना काढावा लागला असता. ब्रिस्बेनने तो जुगार पत्करला. नील मध्यंतराच्या सुमारास आत आला, दुसरा अर्धा भाग खेळला, आणि ब्रिस्बेन १२२-७५ असं ४७ गुणांनी जिंकलं.

निकाल चांगला लागला म्हणून निर्णय चांगला, असं मी म्हणणार नाही. निकाल उलटा लागता तर याच निर्णयाला लोकांनी मूर्खपणा म्हटलं असतं. मला तो निर्णय चांगला वाटतो कारण त्यांनी "घ्यायचा की नाही" एवढ्यावर न थांबता "किती मिनिटांसाठी घ्यायचा" हे विचारलं. तुमच्या उपकर्णधाराबद्दल तुम्हालाही नेमकं हेच विचारायचंय.

दुसऱ्या बाजूची उदाहरणं सिडनीने दिली आहेत, तीही दोनदा. २०२२ च्या ग्रँड फायनलला सॅम रीडला जांघेच्या दुखण्याची शंका असताना बावीस जणांत घेतलं. त्याला तिसऱ्या क्वार्टरमध्ये बाहेर काढावं लागलं, जिलाँग ८१ गुणांनी जिंकलं. २०२४ ला घोट्याची शंका असलेला लोगन मॅकडॉनल्ड घेतला, त्यालाही सामना पुरा करता आला नाही, ब्रिस्बेन ६० गुणांनी जिंकलं. ८१ आणि ६० गुणांचा पराभव एका माणसामुळे होत नाही, हे उघड आहे. पण शंकास्पद माणूस पहिल्यापासून उतरवला की तुमचा हातचा सामना सुरू व्हायच्या आधीच त्याच्या नावावर लिहिला जातो, हे त्यातून दिसतं.

माझी स्वतःची चूक याच जातीची होती, आणि ती मी अजून विसरलेलो नाही. आमची एलिमिनेशन फायनल, म्हणजे हरलं की हंगाम संपला. आमचा सेंटर हाफ-फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या फळीचा कणा, संघातला सगळ्यात उंच मार्क (हवेतला झेल) घेणारा, तीन आठवडे हॅमस्ट्रिंगने बाहेर. गुरुवारी प्रॅक्टिसनंतर मी त्याला क्लबहाउसच्या मागच्या पार्किंगमध्ये पळवून पाहिला. दिवा होता, थंडी होती, तो सरळ रेषेत सहा वेळा मस्त पळाला. "ऑल गुड" म्हणाला. तो तेच म्हणणार होता, मीही त्याच्या जागी तेच म्हटलं असतं. आत कोच व्हाइटबोर्डवर नावांची चुंबकं सरकवत होता. मी जाऊन त्याचं चुंबक वर लावलं. शनिवारी पहिल्या क्वार्टरच्या नवव्या मिनिटाला तो जमिनीवरचा बॉल उचलायला पळता पळता वाकला आणि तसाच मांडीमागे हात लावून उभा राहिला. त्याच क्वार्टरमध्ये दुसऱ्या एकाच्या डोक्याला मार लागला. आमच्या पातळीवर मेंदूला मार लागल्याची शंका जरी आली तरी त्या दिवशी परत खेळायचं नाही, यात चर्चा नसते. बेंचवर उरले दोन.

दोनचा अर्थ काय होतो ते आकड्यांत सांगतो, कारण कमिटीत हे कुणी मोजत नाही. बावीस जणांपैकी साधारण आठ जण, गोलाजवळचे फुलबॅक (बचाव) आणि फुलफॉरवर्ड (हल्ला) यांच्यासारखे, जवळजवळ पूर्ण वेळ आत राहतात. उरलेल्या दहा जागा चौदा जण वाटून घेतात. शंभर मिनिटांच्या सामन्यात प्रत्येकी एकाहत्तर मिनिटं. बेंचवरून दोघे गेले की त्याच दहा जागा बारा जण वाटून घेतात: प्रत्येकी त्र्याऐंशी. बारा मिनिटं जास्त, आणि तीही चौथ्या क्वार्टरमध्ये जाणवणारी, जेव्हा मिडफिल्डर आधीच दहा-बारा किलोमीटर पळालेला असतो. आमचे मिडफिल्डर शेवटच्या दहा मिनिटांत चालत होते. आम्ही दोन गोलांनी, म्हणजे बारा गुणांनी, हरलो. कुणी मला काही बोललं नाही, पण त्या खेळाडूच्या आईने सामन्यानंतर विचारलं, "ही वॉजन्ट रेडी, वॉज ही?" त्यावर मला उत्तर सुचलं नाही.

त्यानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. एक: चाचणी मंगळवारी, गुरुवारी नाही. कारण स्नायू खरं बोलतो ते दुसऱ्या दिवशी सकाळी. मंगळवारी ताण दिला आणि बुधवारी उठताना मांडी आखडली, तर उत्तर मिळालं. गुरुवारी चाचणी घेतली तर ते उत्तर शुक्रवारी मिळतं, तोवर संघ जाहीर झालेला असतो आणि कुणालाच माघार घ्यायची नसते. दोन: सरळ पळणं ही चाचणीच नव्हे. फूटीत हॅमस्ट्रिंग पूर्ण वेगात ताणला जातो, त्यातही पळता पळता वाकून खालचा बॉल उचलताना, आणि लांब किक मारताना. म्हणून पूर्ण वेगाने दहा-बारा धावा, प्रत्येक धावेच्या शेवटी वाकून बॉल उचलायचा, आणि मग चाळीस मीटरची किक. शेवटच्या चार धावांत तो थोडा जरी हात राखून पळाला, तरी मी फुली मारतो. फिजिओ असेल तर त्याचं ऐका, माझं नाही. आमच्याकडे फिजिओ दर पंधरवड्याला येतो.

आता तुमच्या रकमनकडे वळू. इथे जरा जास्त वेळ घेतो, कारण लोक यात सगळ्यात जास्त फसतात. प्रत्येक थांब्यावर बॉल उडवला की त्यासाठी उडी मारतो तो रकमन. त्याला विश्रांती लागते, म्हणून दुसरा रकमन हवा, असं सगळ्यांना वाटतं. पण विचार करा. दुसरा रकमन जर फक्त रकच करू शकत असेल, तर एक आत असताना दुसरा बाहेरच असणार. म्हणजे बेंचची एक खुर्ची दिवसभर रकमननेच अडवलेली. उरलेल्या तीन खुर्च्यांवर बाकीचे वीस जण आळीपाळीने श्वास घेणार. वर केलेलं गणित आठवा: तुम्ही एलिमिनेशन फायनलच्या माझ्या अवस्थेकडे एक पाऊल स्वतःहून टाकलंत.

म्हणून खरा प्रश्न "दुसरा रकमन आहे का" हा नसून "दुसरा रकमन आणखी काय करतो" हा आहे. तो फॉरवर्ड पॉकेटमध्ये, म्हणजे गोलाजवळच्या कोपऱ्यात, उभा राहून महिन्यातून चार-सहा गोल मारत असेल, तर तो बेंचचा माणूसच नाही, त्याला अठरा जणांत घ्या. नसेल, तर तुमच्या सेंटर हाफ-फॉरवर्डला विचारा की क्वार्टरला पाच मिनिटं रक करशील का. तो कुरकुर करेल. उंच फॉरवर्डना रक करायचं म्हटलं की सासुरवास वाटतो. पण बहुतेक संघ असेच चालतात.

अर्थात यात परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे. पहिला रकमन स्वतः गुडघ्याला पट्टी बांधून खेळत असेल तर माझं वरचं सगळं गणित बाजूला ठेवा आणि म्हाताऱ्याला घ्या. पावसाळी दिवशी गोष्ट दोन्हीकडून ओढते. बॉल ओला म्हणून थांबे वाढतात, म्हणजे रकमनचं काम वाढतं. पण ओला बॉल जमिनीवरच लोळतो, आणि खाली वाकायला वेळ लागणारा उंच माणूस तिथे अडगळ होतो. मी पावसात एकच रकमन घेतो आणि एक बुटका जास्त. आमच्या कमिटीतला एक जुना माणूस नऊ वर्षं माझ्याशी यावर भांडतोय. अजून कुणी जिंकलेलं नाही.

मैदानाचा आकारही पाहा. एमसीजी रुंद आहे, तिथे पळणाऱ्यांना राज्य. जिलाँगचं कार्डिनिया पार्क लांब पण अरुंद. तिथे गर्दी होते, थांबे होतात. उपनगरातली मैदानं तर विचारूच नका. क्रिकेट पिचचा चिखल मधोमध, एका बाजूला कुंपण हाताच्या अंतरावर. तुमचा शनिवारचा सामना कुठे आहे ते तुम्ही लिहिलं नाही.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो: "ज्या जागेचा माणूस पडेल त्याच जागेचा माणूस बेंचवर हवा." ते शक्यच नाही, कारण जागा अठरा आणि खुर्च्या चार. २०११ ची ग्रँड फायनल बघा. जिलाँगचा उंच फॉरवर्ड जेम्स पोडसियाडली दुसऱ्या क्वार्टरमध्ये खांदा दुखावून गेला. सब म्हणून आत आला मिच डंकन, पळणारा पोरगा, उंच फॉरवर्ड अजिबात नाही. पोडसियाडलीची जागा डंकनने भरलीच नाही. ती भरली टॉम हॉकिन्सने, जो आधीच मैदानात होता: पुढच्या फळीचा सगळा भार त्याच्यावर आला, त्याने मार्कमागून मार्क घेतले, तीन गोल मारले, आणि जिलाँगने कॉलिंगवुडला ३८ गुणांनी हरवलं. २०२३ लाही तेच. कॉलिंगवुडचा उंच बचावपटू नेथन मर्फी पूर्वार्धातच डोक्याला मार लागून बाहेर गेला. मागची फळी उरलेल्यांनी सरकून सावरली, सामना चार गुणांनी जिंकला. म्हणजे भोक बुजवतात ते मैदानातले लोक, एकमेकांच्या जागी सरकून. बेंचवरून येणारा माणूस फक्त तेवढं सरकायला मोकळीक देतो. म्हणून मी बुधवारी रात्री एक कागद घेतो आणि प्रत्येक उंच खेळाडूसमोर लिहितो: हा गेला तर कोण सरकेल? त्याच्या जागी कोण? दोन पायऱ्यांत उत्तर मिळालं तर बेंचवर पळणारा माणूस घ्यायला मी मोकळा. मिळालं नाही तर बेंचवर उंच माणूस लागतो, मग तो कितीही संथ असो.

आता तुमचा एकोणीस वर्षांचा पोरगा. इथे कमिट्या भावनेच्या भरात दोन्हीकडे जातात. कुणी म्हणतं, पोराला अनुभव मिळू दे. कुणी म्हणतं, अजून कच्चा आहे. दोन्ही ठीक, पण त्याला मिनिटं किती मिळणार ते आधी बोला. एएफएलच्या सबच्या काळात तरुण पोरांची मोठी कुचंबणा व्हायची: शनिवारी सब म्हणून बसायचं, आत जायचं ते तिसऱ्या-चौथ्या क्वार्टरमध्ये, आणि खालच्या संघाचा पूर्ण सामना हुकायचा. महिनाभर असं केलं की पोराचा दम जातो, आणि मग लोक म्हणतात, बघा, हा एएफएलच्या लायकीचा नाही.

आपल्या पातळीवर यावर सोपा उपाय आहे आणि तुमचा क्लब बहुधा करतही असेल. रिझर्व्सचा (क्लबच्या दुसऱ्या संघाचा) सामना सिनियर्सच्या (पहिल्या संघाच्या) आधी त्याच मैदानावर असतो. पोराला रिझर्व्समध्ये दोन क्वार्टर खेळवा, बाहेर काढा, केळं न् पाणी द्या, आणि सिनियर्सच्या बेंचवर बसवा. पहिल्या अर्ध्या भागात त्याला क्वार्टरला पाच-सात मिनिटं. तिसऱ्या क्वार्टरपासून, समोरच्यांचे पाय जड झाले की, त्याला विंगवर, मैदानाच्या कडेला, मोकळा सोडा. पण हे तुमच्या लीगला चालतं का आणि कागदावर कसं लिहायचं, ते टीम मॅनेजरकडून आधी पक्कं करून घ्या. एकदा आम्ही नाव चुकीच्या रकान्यात लिहून नसती आफत ओढवून घेतली होती.

आणि त्याला गारठू देऊ नका. एएफएलचे संघ बाउंडरीलगत सायकली मांडून बसतात. आमच्याकडे एक लोकरीचं ब्लँकेट आहे, कुणाच्या तरी आजीने दिलेलं, आणि मी. दर आठ मिनिटांनी मी बेंचवरच्या पोरांना उठवून कुंपणालगत पळवतो. जुलैच्या वाऱ्यात वीस मिनिटं बसलेला पोरगा थेट पूर्ण वेगात सोडला तर हॅमस्ट्रिंगचा पुढचा रुग्ण तोच.

इथवरचं धरून ठेवा: फक्त रक करणारा रकमन बेंचवर सहसा नको, पोरगा मिनिटं ठरवून, आणि उपकर्णधार मंगळवारच्या चाचणीवर. आता वेळेबद्दल थोडं, कारण सब गेला तरी हा भाग जात नाही.

सबच्या काळात कोच तो बहुतेक तिसऱ्या क्वार्टरपर्यंत का राखून ठेवायचे? कारण हातचा लवकर वापरला की पुढच्या अपघाताला तुम्ही उघडे. दुसऱ्या क्वार्टरला एखादा वाईट खेळतोय म्हणून त्याला काढलं, आणि पाच मिनिटांनी खरी दुखापत झाली, तर डोक्याला हात. उलट फार उशीर केला तर ताजे पाय आठ मिनिटांसाठी आणून काय उपयोग? जसजसा सामना संपत येतो तसतशी राखून ठेवण्याची किंमत कमी होते आणि वापरण्याचा फायदाही कमी होतो. दोन्हींच्या मधली जागा साधारण तिसऱ्या क्वार्टरच्या मध्यापासून शेवटपर्यंत. आमच्याकडे सब नाही, पण मी तीच शिस्त बेंचच्या चौथ्या माणसाला लावतो. पहिल्या अर्ध्या भागात त्याला हलका वापरायचा, दम उरवायचा. पंचवीस मिनिटं उरली की तो तुमचा सब.

पाच जणांच्या बेंचवर हे बदलतं. नीलसारखा माणूस आता सब म्हणून थांबवायची गरज नाही. त्याला पहिल्यापासून चार-चार मिनिटांच्या तुकड्यांत खेळवता येईल, पोटरी कुरकुरली तर बसवता येईल, आणि तरी चार उरतात. पण पंचाहत्तरची मर्यादा तीच आहे. छोटे तुकडे म्हणजे जास्त ये-जा, म्हणजे दुसऱ्या कुणाची विश्रांती कापली जाणार. बायकांच्या स्पर्धेत, एएफएलडब्ल्यूमध्ये, सोळा जण आत आणि पाच बाहेर असा हिशेब आधीपासूनच आहे.

तर तुमचा शनिवार. मी तुमच्या जागी असतो तर मंगळवारी उपकर्णधाराची चाचणी घेतली असती. बुधवारी सकाळी त्याला फोन. मांडी गप्प असेल आणि सामना महत्त्वाचा असेल, तर तो बेंचवर, पण मिडफिल्डमध्ये नाही, फॉरवर्ड पॉकेटमध्ये, लहान तुकड्यांत, आणि त्याला तसं तोंडावर सांगून. मिडफिल्डमध्ये सोडला तर तो उपकर्णधार आहे, हट्टाने सगळीकडे पळणार. साखळीतला साधा सामना असेल, तर एक आठवडा आणखी थांबा. अकराव्या राउंडला घाई करून ऑगस्टचे सामने घालवू नका. तो नसेल तर पोरगा, रिझर्व्सचे दोन क्वार्टर खेळून. रकमन फक्त दोनच कारणांनी: तुमचा पहिला रकमन पट्टी बांधून खेळत असेल, किंवा सेंटर हाफ-फॉरवर्डने रक करायला साफ नकार दिला असेल.

आणि एक नियम माझा स्वतःचा, कोणत्याही कारणाने न मोडायचा: एका बावीसमध्ये एकच शंकास्पद माणूस. दुसरा कितीही मोठा असो. डोक्याला मार लागलेल्याबद्दल तर शंका हा शब्दच नको. आपल्या पातळीवर किमान एकवीस दिवस, मग फायनल असो की काही.

वगळलेल्या दोघांना गुरुवारी संघ वाचून दाखवायच्या आधी बाजूला घेऊन सांगा, तोंडी, आणि का ते सांगा. आमच्याकडे एकाला एकदा व्हॉट्सॲपवरच्या यादीतून कळलं आणि तो पुढच्या मंगळवारी आलाच नाही.

तुमच्या लीगमध्ये बेंच चारचा आहे असं तुम्ही लिहिलंय, तरी एकदा खात्री करा. काही लीग सहापर्यंत जाऊ देतात. सहा असतील तर रकमनवाला परिच्छेद विसरा आणि म्हाताऱ्याला खुशाल बसवा.